बालसंगोपन : लेखणीपूर्वी कागद

पावसाळा सुरू झाला की रायपूरच्या गल्लीबोळांतही कागदी होड्या तरंगू लागतात. शेजारची मुले तिला ‘नाव’ म्हणतात, मराठी घरातले मूल ‘होडी’ म्हणते. कागद मात्र दोघांचा एकच, बहुधा कालचे वर्तमानपत्र. या खेळाकडे आपण केवळ करमणूक म्हणून पाहतो. वस्तुतः लहान मुलाच्या हाताला लेखनासाठी तयार करणारे इतके स्वस्त साधन दुसरे क्वचितच असेल.

मुलाला तिसरे वर्ष लागते न लागते तोच अक्षरे गिरवून घेण्याची घाई अनेक घरांत होते. अक्षर वाकडे आले की मूल आळशी ठरते. पण तो हात अजून घडत असतो. मनगटातील 8 अस्थी जन्मतः कूर्चेच्या असतात. त्यांचे हाड सावकाश बनते आणि शेवटच्या अस्थीची पाळी नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बळ येण्यापूर्वी पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत आवळते, हात लवकर दुखतो, आणि लेखनाविषयी जी अढी बसते ती पुढे सहजी जात नाही.

जर्मनीत बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रेबेलने कागदाच्या घड्यांना आपल्या शिक्षणक्रमात स्थान दिले होते. त्यावरूनच सुचून टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासेत घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. घरातील रद्दी त्याच जातीची.

प्रारंभ फाडण्यापासून करावा. हे ऐकून काही माता दचकतील. पण दोन वर्षांच्या मुलाला कागद फाडणे ही खोडी नसून कामच आहे. दोन्ही हातांच्या चिमटी कागद धरतात, एक हात पुढे जातो, दुसरा मागे. दोन हातांनी दोन निराळ्या गोष्टी एकाच वेळी करण्याचा हा पहिला धडा. वर्तमानपत्र उभे फाडले तर पट्टी बरीच सरळ निघते, आडवे फाडले तर वेडीवाकडी, कारण कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसलेले असतात. म्हणून आरंभी उभ्या पट्ट्याच फाडू द्याव्यात; मुलाला यश लवकर येते. फाडलेल्या तुकड्यांचे चुरगाळून गोळे करावेत, तेही एकाच हाताने. कागद तोंडात जाणार नाही एवढे पाहावे आणि नंतर हात धुवावेत.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी चिकटविण्याचे काम द्यावे. छत्तीसगडच्या या भातप्रदेशात खळीची काय वाण? शिजलेला मऊ भात बोटाने घोटला की पुरे. पोळ्याच्या दिवसांत कागदावर बैलाची मोठी आकृती काढून द्यावी व ती तुकड्यांनी भरू द्यावी. कात्री त्यानंतर, बोथट टोकाची, अंगठा वर ठेवून धरावयाची. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सक्ती करू नये. नेहमीची कात्री त्याच्या हातात नीट कापत नाही, त्यासाठी वेगळी कात्री मिळते.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला येथे आणखी एक लाभ आहे. घडी, कड, कोपरा, तिरपे, दुमडणे, उलगडणे हे शब्द पुस्तकातून सांगून मुलाच्या तोंडी बसत नाहीत. कागद हातात असता ते आपोआप बसतात.

होडी मात्र पाचव्या वर्षापूर्वी शिकवू नये. कडेला कड जुळवून अर्धी घडी घालणे आणि नखाने मोड दाबणे हे पाच वर्षांच्या मुलाला जमते. दोन कोपरे मधल्या रेषेवर आणणे थोड्या सरावाने जमते. शेवटी दोन्ही टोके ओढून होडी उघडणे बहुधा वडीलमाणसाकडेच येते. पण मुलाने घातलेली तिरकी घडी उलगडून स्वतः सरळ करण्याचा मोह आवरावा. होडी कललेली झाली तरी थोडा वेळ तरंगतेच. तळ्याच्या निसरड्या काठापेक्षा अंगणातील परात बरी. भिजलेला कागद नंतर मुलानेच चिमटीने उचलून पिळून काढावा.