वहीतले वहीतच का राहावे?

निवासी शाळेतील मुलांच्या वह्यांची शेवटची पाने चाळली, तर अभ्यासक्रमाबाहेरचे एक जग तेथे आढळते. कोणी स्वतः कल्पिलेल्या नायकाचा चेहरा, पोशाख आणि चाल पुन्हा पुन्हा रेखाटलेली असते. कोणी तालाचे बोल लिहून त्यांत फेरफार केलेले असतात. कोणी आवारात दिसलेल्या पक्ष्यांची तारीखवार नोंद ठेवलेली असते. वर्ष संपले की या वह्या रद्दीत जातात. आमच्या मते हा शिक्षणाचा अपव्यय आहे. ही निर्मिती जाणकारांपुढे ठेवण्याचे साधन आता उपलब्ध आहे, आणि शाळेने त्याचा जाणीवपूर्वक उपयोग करावयास हवा.

हे म्हणताच पालकांच्या मनात शंका येते, आणि ती रास्तही आहे. इंटरनेट म्हणजे वेळेचा नाश, हा अनुभव घरोघरी आहे. परंतु तो अनुभव प्रामुख्याने पाहत बसण्याचा आहे. स्वतः काही घडवून ते इतरांपुढे ठेवणाऱ्या मुलाला आधी ते काम पूर्ण करावे लागते, मग ते समजावून सांगावे लागते आणि शेवटी अनोळखी माणसाची टीका ऐकून घ्यावी लागते. या तिन्ही गोष्टी शिक्षणाच्याच आहेत.

गुण असूनही श्रोता न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग वाजवून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिला त्या काळी फारसे कोणी विचारले नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हा जाणकार थक्क झाले, कारण शिकागोमध्ये काही वर्षांनंतर उदयाला आलेल्या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. मधली २८ वर्षे त्या संगीतात उणे काहीच नव्हते. ऐकणाऱ्यापर्यंत जाणारी वाट तेवढी नव्हती.

ती वाट मोकळी झाली म्हणजे काय घडते, हे जपानमध्ये दिसले. २००७ साली क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने कृत्रिम आवाजात गाणारी एक संगणकप्रणाली आणली आणि तिला ‘हात्सुने मिकू’ या नावाची निळसर केसांची, दोन लांब वेण्यांची एक पात्ररूपी ओळख दिली. काही अटी पाळून हौशी कलावंतांनी ते पात्र विनामोबदला कामांसाठी वापरावे, अशी मुभाही दिली. मग एकाने चाल बांधावी, दुसऱ्याने त्या चालीसाठी चित्र काढावे, तिसऱ्याने त्या चित्रास हालचाल द्यावी, असा क्रम सुरू झाला. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी मिळून गाणी पूर्ण केली. चित्रकलेचा छंद आणि संगीताचा छंद हे वेगळे कप्पे आहेत, ही आपली समजूत तेथे मोडली.

आमच्या मुलांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब साधनांच्या किमतीची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेटी वा तबला नव्हता, रंगपेटी ही चैन होती आणि कोणत्याही घराण्याच्या उंबरठ्याशी आपली ओळख नव्हती. ज्याच्या घरी कला, त्यालाच कला, असा अलिखित नियम होता. आज त्रिमितीय पात्रे घडवण्याचे ‘ब्लेंडर’, चित्रे रंगवण्याचे ‘क्रिटा’ आणि संगीतरचनेचे ‘एलएमएमएस’ ही साधने विनामूल्य मिळतात. ब्लेंडर तर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्याच ब्लेंडरवर घडवलेल्या ‘फ्लो’ या लाटवियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. लहानशा गावातील मुलगी आणि ऑस्कर मिळवणारा दिग्दर्शक यांच्या हाती आज एकच साधन असू शकते. अंतर उरते ते संगणकाचे, वेळेचे आणि मार्गदर्शनाचे. हे अंतर शाळा आणि माजी विद्यार्थी मिळून कमी करू शकतात.

विज्ञानाच्या छंदालाही हेच लागू पडते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात दीर्घिकांची छायाचित्रे सर्वसामान्यांना वर्गीकरणासाठी देण्यात आली. हॅनी फान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला त्यांत एक चमत्कारिक ढगासारखा पुंजका दिसला. तिने “हे काय आहे?” एवढेच विचारले, आणि खगोलशास्त्रज्ञांना अभ्यासाचा एक नवा विषय मिळाला. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदी अभ्यासण्याची संधी ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमातून भारतातील विज्ञानप्रेमींना मिळाली आहे. शाळेच्या आवारातील पक्ष्यांची नोंद तारीख, वेळ व ठिकाणासह ‘ईबर्ड’वर दिली, तर तीही संशोधकांच्या उपयोगी पडते. मात्र नोंद खरी असावी लागते. न पाहिलेला पक्षी लिहायचा नाही, ही सवय कोणत्याही पाठापेक्षा अधिक काही शिकवते.

धोके आहेत, आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पसंतीचे आकडे मोजत बसलेले मूल लवकरच स्वतःला आवडणारे सोडून इतरांना आवडेल तेच करू लागते. दुसऱ्याचे चित्र आपल्या नावावर खपवण्याचा मोहही येथे मोठा आहे. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून मुलांना एकेकटे या बाजारात सोडावे, असे आम्ही सुचवत नाही.

आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून दोन तास संगणककक्ष केवळ निर्मितीसाठी राखून ठेवावा. प्रसिद्धी शाळेच्या सामाईक खात्यावरून, पालकांच्या संमतीने व शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावी. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव आणि गाव देऊ नये. टोपणनाव पुरेसे आहे. प्रत्येक कृतीसोबत ती कशी केली आणि कोणाकडून काय घेतले, याच्या चार ओळी मुलानेच लिहाव्यात. त्या चार ओळींनी दुसऱ्या मुलास वाट सापडते आणि ज्याचे घेतले त्याचे ऋणही मान्य होते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, वापरात नसलेला परंतु चालू स्थितीतील संगणक शाळेस द्यावा आणि महिन्यातून एकदा या मुलांचे पहिले प्रेक्षक व्हावे. “छान” एवढ्यावर न थांबता, काय साधले आणि काय राहिले, हे नीट लिहावे. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला गुणांविषयी जरूर विचारावे, पण त्याच बैठकीत, “हे तू कसे केलेस?” असेही विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.