खराब दाणा कुणाला द्यायचा?

"टाकवत नाही हो!" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. शेंगदाण्याच्या डब्याच्या तळाशी काळपट, सुरकुतलेले दाणे निघतात, मक्याच्या पिठाला कुबट वास येतो. स्वतःला खाववत नाही आणि टाकवतही नाही. मग ते कामवाल्या मावशींच्या पिशवीत जातं, नाहीतर दारच्या गायीपुढे. अन्न वाया गेलं नाही, वर थोडं पुण्यही पदरात पडलं!

माझं मत स्पष्टच सांगते. हे पुण्य नाही. यामागचं विज्ञान कळलं तर आपला हात आपोआप मागे येईल.

मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे, मराठी शिकवणारी. पण ही गोष्ट समजायला पदवी लागत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता गाडी त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचली. पेंडीवर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी वाढली होती आणि तिनं विष तयार केलं होतं. बुरशीच्याच नावावरून त्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले.

इंग्लंडचं राहू द्या. १९७४ साली आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. लोकांची पोटं पाण्यानं फुगू लागली. घरातलंच अन्न खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तपास केला, तेव्हा दोष मक्यात सापडला. आधी दुष्काळ, मग ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस, आणि धान्य कोरडं ठेवायला धड जागा नाही. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. तिथल्या काही मक्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत विष होतं. आज आपल्या देशात तृणधान्यांसाठी कायद्यानं ठरवलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजारपट फरक! १५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? शंभर किलोची दहा हजार पोती घेतली, तर त्या सगळ्यांत मिळून १५ ग्रॅम. जेमतेम एक मोठा चमचा.

इतकं सूक्ष्म विष डोळ्यांना दिसणार कसं? खरी मेख इथेच आहे. बुरशी दिसते, विष दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. भाकरी भाजून किंवा घुगऱ्या शिजवून ते पुरतं जात नाही. बुरशी पुसून टाकली, दाणा उन्हात घातला, तरी तयार झालेलं विष आत राहतंच. पुन्हा पोत्यात ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका दाण्यात भरपूर, शेजारच्या शंभरांत काहीच नाही. म्हणून पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे तपासणं हा नुसता उपचार झाला. पोत्यात ठिकठिकाणाहून नमुना काढून, सगळा एकत्र दळून मग तपासावा लागतो. अतिनील दिव्याखाली काही दाणे हिरवट-पिवळे चमकतात, तो इशारा समजावा, पुरावा नव्हे. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. हल्ली काही मिनिटांत अंदाज देणाऱ्या तपासणी-पट्ट्याही मिळतात.

आता गायीचं. गायीनं बुरशीची पेंड खाल्ली की त्या विषाचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो. म्हणूनच दुधासाठीही वेगळी मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणजे गोठ्यात दिलेलं 'दान' नातवाच्या पेल्यातून घरी परत येतं! आणि मावशींचं काय? हे विष यकृतावर घाव घालतं, वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्यांना 'ब' प्रकारची कावीळ आहे, त्यांना धोका कितीतरी जास्त. ज्याच्या घरी औषधाला पैसे कमी, त्याच्याच ताटात आपण तो दाणा वाढतो.

कुणी म्हणेल, पोट भरलेल्यांनी 'फेकून द्या' सांगणं सोपं आहे. मान्य. पंचमहालातल्या लोकांना दुसरं धान्यच नव्हतं. केनियात २००४ साली ओलसर साठवलेल्या मक्यानं १२५ बळी घेतले, तिथेही गोष्ट टंचाईचीच होती. म्हणूनच नुसता उपदेश पुरत नाही. काढणीच्या वेळी पाऊस झाला, तर त्या गावात तपासणी पोहोचली पाहिजे आणि खराब धान्याच्या बदल्यात रेशनवर चांगलं धान्य मिळालं पाहिजे. परदेशी जाणाऱ्या शेंगदाण्याची आपण काटेकोर तपासणी करतो, कारण युरोपात थेट खायच्या दाण्याला किलोमागे फक्त ४ मायक्रोग्रॅम चालतात. मग गावच्या बाजारातल्या दाण्याची काळजी कुणी करायची?

शाळाही हातभार लावू शकतात. एक सोपा प्रयोग आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि उन्हात चांगलं वाळवलेलं मीठ घालून काही मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे धान्य अजून वाळवायला हवं. मका १२-१३ टक्क्यांपर्यंत वाळला की बुरशीला वाव राहत नाही. हे विष नंतर काढता येत नाही, आधी टाळताच येतं. सातवीतल्या मुलांनी आपल्या घरचं धान्य असं तपासलं, तर धडा कायमचा लक्षात राहील.

असो. सुना-मुलींनो, भाचरांनो, सूप घेऊन निवडण-पाखडण करायची आजीची सवय सोडू नका. फुटके, किडके, बुरसटलेले दाणे बाजूला काढल्यानं बरंच विष बाहेर जातं. पण बाजूला काढलेलं कुणाच्या पदरात घालू नका, सरळ मातीआड करा. आणि द्यायचंच मनात असेल, तर चांगल्या डब्यातलं द्या.