वाचनयंत्रावरचे दैनिक : आक्षेपाला उत्तर

ई-शाईचा पडदा मोबाइलसारखाच डोळे दिपवतो, हा एका वाचकाच्या पत्रातील आक्षेप चुकीचा आहे. या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण सरकून अक्षर उमटते आणि ते बाहेरच्या उजेडात वाचता येते. धानाच्या बांधावर, भर उन्हातही.

खरी अडचण मांडणीची. मराठी ई-पेपर बहुधा छापील पानाचेच चित्र असते. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर ओळ अर्ध्यात तुटते, पान सरकवताना पडदा क्षणभर काळा पडतो. २००७ मध्ये आलेल्या किंडल या वाचनयंत्रावर वर्गणीने मिळणाऱ्या दैनिकांचा मजकूर अक्षराच्या आकारानुसार जुळून येई. ती वर्गणी २०२३ मध्ये बंद झाली. तुमसर-लाखांदूरच्या वाचकाला भंडारा जिल्ह्याचे पान तशाच वाहत्या युनिकोड मजकुरात मिळायला हवे.