झोपेचे मागे पडलेले घड्याळ

आमच्या घरात सहानंतर अंथरुणात दिसणारा माणूस आळशी! माझा धाकटा भाऊ वयाची चाळिशी गाठेपर्यंत तसाच ठरला. रात्री दीडपर्यंत टक्क जागा. सकाळी उठवायला आधी आई, पुढे त्याची बायको. उशिरा पोहोचण्यापायी दोन नोकऱ्या गेल्या. मीही त्याला कमी बोललो नाही.

गेल्या वर्षी मनोविकारतज्ज्ञांनी निदान केले: एडीएचडी. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, हा मुलांचाच विकार अशी माझी समजूत. पण पुष्कळांत तो मोठेपणीही राहतो, आणि झोपेचे घड्याळही बिघडवतो. संध्याकाळनंतर मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. एडीएचडी असलेल्या आणि झोप लवकर न लागणाऱ्या प्रौढांत हे सुमारे दीड तास उशिरा सुरू होते, असे नेदरलँड्समधील अभ्यासात आढळले. म्हणजे त्याला दहाला झोपवणे हे आपल्याला साडेआठला झोपवण्यासारखेच! शिवाय अपुऱ्या झोपेने लक्ष आणखी उडते.

डॉक्टरांनी औषधाबरोबर सकाळचे ऊन, रात्री मंद दिवे आणि उठण्याची एकच वेळ सांगितली आहे, रविवारीसुद्धा. हे तो पाळतो. पण हिशेबाचे काम दहाऐवजी अकराला सुरू झाले, तर कचेरीचे काय बिघडते? आता अकराची वेळ देणारे मालक त्याला भेटले आहेत.

रविवारी आठला तो चहा घेऊन गच्चीत बसतो. आई अजून विचारते, "उठले का साहेब?" पूर्वी मी हसायचो.