लग्नाचा मांडव व बांधावरची सामग्री

वैशाख जवळ आला कीं, खळ्यावरून घरीं आलेल्या धान्याचा पैसा मांडववाले, छापखानेवाले व फुलवाले यांच्या हिशेबांत वांटला जातो. लग्नखर्च हेंच शेतकऱ्याच्या कर्जाचें मूळ, असें आम्ही म्हणत नाहीं. पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या मंडळानेंही या कारणास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें, असें नमूद केलें होतें. तथापि पाऊस व बाजारभाव आपल्या हातीं नाहींत. मांडव मात्र आहे.

आंब्याचे टाळे, केळीचे खुंट, जांभळीच्या डहाळ्या आपल्याच बांधावर असतां प्लास्टिकचीं फुलें विकत कां आणावीं? थर्माकोलच्या सजावटीस तर राज्यानें २०१८ सालींच बंदी घातली. विहिरीस पाणी असल्यास लग्नाआधीं तीन महिने झेंडूचें बीं टाकावें. तोरणें घरच्या मुलांमाणसांनीं ओवावीं. दूरच्यांस पत्रिका मोबाइलवर धाडावी. वडीलधाऱ्यांस मात्र जाड कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून, कोपऱ्यांस हळदकुंकू लावून, समक्ष द्यावी.

यांत कंजूषपणा दिसेल, ही भीति खरी आहे. म्हणूनच आरंभ मोठ्या बागाइतदारांनीं करावा. त्यांचा झगमगाट पाहून दोन एकरांचा धनी कर्ज काढतो. त्यांचा साधा मांडव पाहून तो निर्धास्त होईल. लेकीची पाठवणी करून आलेल्या बापानें मृगाच्या बियाण्यासाठीं कोणापुढें हात पसरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.