पऱ्हाटीतील सेल्युलोज आणि वजनाचा हिशेब

हिंगोली-वाशिम रस्त्यावरील कनेरगाव नाका परिसरात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, पुष्कळशी जाळली जाते. रचून ठेवावी तर गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. या काडीत रुईचाच मुख्य घटक, सेल्युलोज, दडलेला असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये तो वनस्पतींतून वेगळा करून दाखविला.

रुईत सेल्युलोजचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते. काडीत मात्र तो लिग्निन व हेमिसेल्युलोज यांनी जखडलेला असतो. म्हणून वाळलेली काडी बारीक करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवावी लागते. लिग्निन विरघळून काळे पाणी निघते. उरलेला लगदा धुऊन हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजित केला की पांढरा, तंतुमय पदार्थ हाती येतो. कागद, व्हिस्कोजचा धागा, औषधी गोळ्यांतील पूरक भुकटी यांचा आधार हाच.

पांढरे दिसते ते सारे सेल्युलोज नसते. परीक्षणात १७.५ टक्के कॉस्टिक द्रावणात न विरघळणारा भाग अल्फा-सेल्युलोज म्हणून मोजतात. राखही तपासतात, कारण मुळाला चिकटलेली माती व्यापाऱ्याने काडीच्याच भावाने विकत घेतलेली असते!

खरी मेख ओलाव्यात आहे. ही टक्केवारी कोरड्या वजनावर काढलेली असते. समजा, १,००० किलो काडीत २० टक्के ओलावा आहे. मग कोरडा माल ८०० किलोच. सेल्युलोज ४० टक्के धरला तर ३२० किलो, आणि प्रक्रियेतील घट निराळी. प्रकल्प अहवालात ४०० किलो लिहिले असतील, तर कर्जाचा हप्ता कधीच न येणाऱ्या ८० किलोंवरही बेतलेला असतो. यंत्राच्या कोटेशनआधी नमुन्याचा तपासणी अहवाल हाती हवा.

अशा संशोधनाचे जुने केंद्र मुंबईत माटुंग्याला आहे. १९२४ साली प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनो-सेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्र उभारले, तसेच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याचे तंत्रही विकसित केले. बोर्डासाठी सेल्युलोज वेगळा काढावाच लागत नाही. काडीच्या तुकड्यांत राळ मिसळून ते उष्णतेने दाबतात. लहान गावातील भांडवलाला हा मार्ग अधिक पेलणारा, कारण लगद्याला मुबलक पाणी लागते आणि काळ्या पाण्यावरील प्रक्रियेचा खर्च टळत नाही. वाहतुकीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच: पऱ्हाटी फुगीर असल्याने ट्रक भरतो, वजन भरत नाही. म्हणून तुकडे करण्याचे यंत्र शेताजवळच न्यावे लागते.