किलोमीटरमागे भाडे

विजेच्या मोटारीतली बचत धावण्यात आहे. उभ्या गाडीने कोणाचे पेट्रोल वाचत नाही. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि शहरात लिटरमागे १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेची गाडी युनिटमागे सहा-सात किलोमीटर जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा रुपये युनिटने चार्ज केली, तर तोच खर्च दीड रुपया. किलोमीटरमागे साडेपाच रुपये खिशात राहिले. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली, ती बॅटरीसह साडेतेरा लाखांना. तेव्हा बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. म्हणजे वाचलेल्या साडेपाचांतले साडेतीन भाड्यात गेले. घरी चार्जिंगची सोय नसली आणि बाहेर युनिटला वीस रुपये मोजले, तर वीज तीन आणि भाडे साडेतीन. पेट्रोलपेक्षा जेमतेम आठ आणे कमी!

सुरुवातीला साडेतीन लाख वाचले त्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. एवढेच कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर व्याजासह सुमारे ४.३६ लाख फेडावे लागतात, म्हणजे सव्वा लाख किलोमीटरचे भाडे. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तिथवर पोचायला दहा वर्षे लागतील. त्याला भाडे स्वस्तच दिसेल. पण इतके कमी फिरणाऱ्याचा विजेच्या गाडीत फायदाही तोकडाच, आणि काही योजनांत दरमहा किमान किलोमीटरचे भाडे ठरलेले असते, गाडी हलो न हलो. ज्याचे रोजचे पळणे मोठे, त्याच्यासाठी ही गाडी खरी किफायतशीर, आणि भाड्याचा चटका नेमका त्यालाच.

बॅटरी बसली तर, ही भीती मात्र गरजेपेक्षा जास्त विकली जाते. आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी आता सर्रास मिळते. खरी जोखीम पुनर्विक्रीची आहे. विंडसरची आजीवन बॅटरी-वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच. दुसरा गिऱ्हाईक भाव पाडून मागणारच. म्हणून तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या, वरच्या कर-टप्प्यातल्या पगारदाराने कंपनीमार्फत अख्खी गाडी लीजवर घेतली, तर ते शहाणपणाचे ठरू शकते: हप्ता करपूर्व पगारातून कापला जातो आणि घसरलेल्या किमतीचा भार लीज कंपनीवर पडतो. मात्र मध्येच नोकरी सुटली तर उरलेल्या हप्त्यांचे काय, हे कलम त्याने आधी वाचावे. बाकीच्यांनी बॅटरीसह विकत घेऊन आठ-दहा वर्षे दामटावी.